जुनं बंद करू ना?

१४ मार्च

दादा,

फोन वाजतोय. तुझाच आहे, उचलणार नाही. उचलला की तू बोलशील आणि मी 'बरं' म्हणेन, म्हणून लिहिते.

आईचा गुडघा बरा आहे. जिना चढताना प्रत्येक पायरीवर तुझं नाव घेते, कौतुकाने नव्हे.

आज औषधांच्या गोदामात गेले होते. सोमवारपासून त्यांचं सगळं काम आपल्या सॉफ्टवेअरवर चालायचं आहे. पण दोन दवाखान्यांनी एकाच क्षणी एकच औषध मागितलं, की शेवटचा खोका आपण दोघांनाही देतो. दोघांच्या पडद्यावर 'मंजूर' येतं. खोका एकच.

हे तुला माहीत आहे. गेल्या अहवालात मी या कामापुढे लाल खूण केली होती, म्हणजे अजून तयार नाही. ग्राहकाकडे पोचली ती हिरवी. आपल्या टेस्टिंगवाल्या बाई बघून म्हणाल्या, "कलिंगड झालं की हो, मॅडम. वरून हिरवंगार." मी हसले. रंग कुणी बदलला, हे त्यांनी विचारलं नाही, मीही बोलले नाही. अहवाल पुढे तूच पाठवतोस.

तुझं म्हणणं मला पाठ आहे: "पानावर बसलेल्या माणसाला स्वयंपाक कच्चा आहे असं सांगतात का?"

सांगतात, दादा. वाढण्याआधी सांगतात.

निघताना गोदामप्रमुखांनी जुनी यंत्रणा असलेल्या खोलीचं दार उघडून दाखवलं. "ताई, तारीख तुमच्या दादांनी दिली. पण रोज इथे येता तुम्ही. तुम्ही सांगा, जुनं बंद करू ना?"

"उद्या सांगते," म्हणाले.

उत्तर तेव्हाच माहीत होतं. एक दिवस तुझ्यासाठी मागून घेतला. उद्या सकाळी गोदामातल्या बैठकीला ये आणि तूच सांग. तुझ्या तोंडून गेलं तर कंपनीचा शब्द राहील, माझ्या तोंडून गेलं तर तू खोटा पडशील. तू नाही बोललास तर मी बोलेन. परवानगी मागत नाहीये.

पत्र वहिनीच्या हाती देतेय, म्हणजे मिळालंच नाही म्हणायला जागा नको.

उद्यापर्यंत तरी तुझ्या हाताखालची, आणि त्यानंतरही बहीणच,
धाकटी

१५ मार्च

वहिनी,

दादा आला होता. दाराजवळच्या खुर्चीत बसला, बोलला नाही. मी सांगितलं. गोदामवाल्यांनी जुनं चालू ठेवलं. तो माझ्याआधी निघाला. घरी पोचला की कळव.