गालात धरून बसलेला निळा रंग

॥ श्री सिद्धरामेश्वर प्रसन्न ॥

भवानी पेठ, सोलापूर
गड्ड्याची जत्रा उठली त्याच्या पुढचा सोमवार, सन १९७६

धाकटी बहीण चि. सौ. नागव्वा हिला थोरली मल्लव्वा हिचा पोटभर आशीर्वाद. सिद्धलिंगप्पा भाऊजींना नमस्कार. (भाऊजी, पत्र तुम्हीच वाचून दाखवणार, ठाऊक आहे. मोठ्यानं वाचा आणि मधलं गाळू नका. मागच्या खेपेला तुमच्या घोरण्याविषयी घातलेल्या चार ओळी नागव्वापर्यंत पोचल्याच नाहीत म्हणे.) तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस व्याली का? वळसंगला हुरडा सुरू झाला असेल, आणि थोरल्या बहिणीला पसाभर पाठवावा असं तुमच्यापैकी कुणाच्या मनात आलं नसेल. आम्ही खुशाल. वीरभद्रप्पा माग चालवतो, सूनबाई त्याला चालवते, मी कांड्या भरते आणि दोघांना बोलते.

पत्र माझी नात सावी लिहिते आहे. यंदा दहावीला आहे. मी बोलते तसं ती लिहीत नाही, धुऊन, इस्त्री करून लिहिते. ('लई' म्हटलं की तिचा हात थांबतो. लिही गं, लई म्हणजे लईच.) तर तिच्या शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन होतं आणि सावीच्या वाट्याला पेशी आल्या. पेशी म्हणजे काय ते ऐक. मी पंधरा दिवस ऐकलंय, तू एकदा ऐकलंस तर काही झिजणार नाहीस. झाड घे, म्हैस घे, भाऊजी घे, सगळी बारीक बारीक खणांची बनलेली. नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, बारकं मोठं करून दाखवणारी नळी लागते. मी त्यातून कांद्याचा पापुद्रा पाहिला. काय सांगू, चिरेबंदी काम! दगडाला दगड लागून, प्रत्येक खणाला पक्की भिंत. सावी म्हणते, झाडाला हाडं नाहीत, म्हणून उभं राहायला भिंत लागते. आपल्या पेशीला भिंत नाही, नुसता पातळ पडदा. म्हणूनच आपण वाकतो, बसतो आणि जावयापुढे गप्प राहतो. पानाच्या पेशीत आणखी हिरवे दाणे असतात, ते उन्हात आपलं अन्न आपणच शिजवतात. मी विचारलं, हे दाणे बाप्यांना का दिले नाहीत? सकाळी अंगणात नेऊन उभं केलं असतं, दुपारपर्यंत पोट भरलं असतं, बाईची भाकरी थापायची सुटली असती. याचं उत्तर पुस्तकात नाही. पुस्तक बाप्यानंच लिहिलं असणार.

पुढचं मात्र मला पटलं. आधी म्हणे एकच पेशी असते. एकीच्या दोन, दोनाच्या चार, आणि मग एकेक पेशी आपापला धंदा धरते. कुणी सुतासारखी लांब होऊन पायाच्या अंगठ्याचा निरोप डोक्यापर्यंत नेते. कुणी आखडते, सैल होते, आणि आपला हात हलतो. झाडाच्या मुळातली केसासारखी वाढून पाणी हुडकते. रक्तातली लाल पेशी वारा वाहून नेते, आणि जास्त माल मावावा म्हणून तिनं आपल्या मधला मुकादमच (केंद्रक म्हणतात त्याला) बाहेर काढलाय. (हे गिरणीवाल्यांना कळवू नये.) आपल्या पेठेसारखंच की! एक सूत रंगवतो, एक ताणा करतो, एक विणतो, आणि एकदा धंदा धरला की धरला. आमचा धाकटा चनबसप्पा तिशीला आला तरी काय व्हायचं ते ठरलेलं नाही. सावी म्हणते, अशाही पेशी असतात. म्हटलं, माहीत आहे, मीच रोज जेवायला वाढते.

आता प्रदर्शनाचा दिवस. माणसाची पेशी दाखवायची तर गालाच्या आतून काडीनं हलकं खरवडून ते काचेवर घ्यायचं. जमलेल्या बायांतली एक तोंड उघडेना. उष्टं काचेवर कसं द्यायचं म्हणे! मी म्हटलं, माझ्या तोंडाला लोकांनी फाटकं म्हटलंय, उष्टं कुणी म्हटलेलं नाही. बसले पुढं. सावी काडी आणायला वळली आणि निळ्या रंगाची बाटली माझ्यासमोर राहिली. आता तूच सांग, विणकराच्या घरात पन्नास वर्षं काढलेल्या बाईला काय वाटणार? लडी आधी रंगात बुडते, वाळते, मग मागावर चढते. विणून झालेल्या चादरीला कोण रंग देतं? पोरीचं काम हलकं करावं म्हणून बोटावर रंग घेतला आणि दोन्ही गालांत आतून चोळला. तो काचेवर टाकायचा होता हे मागाहून कळलं. तोवर ओठ, जीभ, हिरड्या, सगळा नीलकंठ झाला होता. सावी रडकुंडीला आली. शाळेतल्या बाई "आजी, थुंका! आधी थुंका!" म्हणत बादली घेऊन धावल्या. दोन म्हाताऱ्यांनी तर मला हात जोडले.

पाहुणी म्हणून डॉक्टरीण शमशाद आली होती. नबीलाल टांगेवाल्याची नात. हिला मी नाक पुसता येत नव्हतं तेव्हापासून ओळखते, त्यामुळे तिचा धाक बसत नाही. तिनं मिठाच्या पाण्यानं चुळा भरायला लावल्या. घरी येऊनही भरल्या. संध्याकाळी आरशात पाहिलं तर रंग सगळा गेला होता. फक्त डाव्या गालात, जिथं मी लहानपणापासून तंबाखूची मिसरी लावून धरते, तिथं नखाएवढी जागा निळीच. आणि नागव्वा, रंगाऱ्यांच्या शेजारात राहून एवढं मला कळतं. सगळीकडचा रंग सुटतो आणि एकाच जागी धरून बसतो, तिथं सुतात काहीतरी बिघडलेलं असतं.

मी तोंड मिटलं. (लोकांना हा चमत्कार वाटला.) पण सावीनं पाहिलं होतं. दुसऱ्या दिवशी मला ओढत शमशादकडे नेलं. तिनं बॅटरी घालून पाहिलं आणि म्हणाली, तिळाएवढा तुकडा काढून तो नळीखाली बघायला पाठवायचा. सावीनं उलगडून सांगितलं, कधी कधी एखादी पेशी आपला धंदा विसरते आणि नुसती पोरं काढत सुटते. गावभर भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेत, पण तिला वाचता येत नाही. (मलाही येत नाही, तरी मी पाचांवर थांबले.) तसं असेलच असं नाही. असलं तरी लवकर सापडलं तर काढून टाकता येतं, असं शमशाद म्हणते.

मी नाही म्हटलं. वीरभद्रप्पा पाया पडला, नाही. सूनबाई रडली, नाही. तिसऱ्यांदा तर दारात उभी राहून सगळ्या गल्लीला सांगितलं की या तोंडातला तीळभरही तुकडा कुणाला मिळणार नाही, जसं आणलं तसं परत नेईन. विषय संपला. गाईगुरांची, भाऊजींची काळजी घे, याच क्रमानं.

तुझी अक्का
मल्लव्वा (अंगठा माझा, काना-मात्रा सावीच्या)

ता. क. विषय संपलेला नाही. शमशादनं या नाही, पुढच्या गुरुवारी बोलावलंय. मला जायचं आहे. रात्री जीभ सारखी त्या जागेवर जाते. पण तीनदा नाही म्हणून, वर गल्लीला ऐकवून झाल्यावर पोराच्या सांगण्यानं गेले तर उद्यापासून या घरात माझं कोण ऐकेल? म्हणून तू आदल्या दिवशी, बुधवारच्या एस.टी.नं ये आणि माझ्याशी भांड. तू धाकटी, तुझ्यापुढं हरले तर लहानाचा हट्ट पुरवला असं होतं. उंबऱ्यातच सुरू कर. कानडीत भांडलीस तर जोर चांगला येतो, पण शेजारच्या अंबुबाईला कानडी येत नाही, तेव्हा मुद्द्याच्या शिव्या मराठीत दे.

ता. क. दुसरा. आईच्या डब्यातली मिसरी आपण दोघींनी एकाच दिवशी गोठ्यामागं चोरून लावली होती. तुझा गालही माझ्याएवढाच जुना आहे. शमशादला मी सांगून ठेवलंय, गुरुवारी दोन बाया येतील.

ता. क. तिसरा. तू तोंड उघडलंस की मी लगेच हो म्हणून बसेन, असं मला वाटतंय. म्हटलं तरी थांबू नकोस. अंबुबाई दारात येईपर्यंत ओरडत राहा.