सोलांज घरी आहे, असं मी सांगितलंय

मोंब्रुसे, १४ ऑक्टोबर, मंगळवार

सोलांज,

मी ठीक. गुडघा आहे तसाच. लिओंला तू आणि इझाबेल बऱ्या असाल, असं धरून चालतो. पोरीला सांग, गोळ्या पाठवू नकोस म्हणावं. मी घेत नाही.

आता कामाचं. सरपंच व्हाशेर गावाच्या तोंडाशी पाटी लावतोय, गावच्या नामवंतांची. एक घोड्यावरून पडून मेलेला सेनापती, एक बिशप, एक अळंब्यांवर पुस्तक लिहिलेला मास्तर. आणि तू, सायकलच्या शर्यतीवाली. व्हाशेर नुसता नाचतोय, "एक तरी चालतं-बोलतं नाव मिळालं!" रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की बँडवाले घेऊन तुला न्यायला घरी येणार.

घरी म्हणजे इथं.

त्याला वाटतं तू इथंच आहेस. नादेजनं सांगितलं, पावाची गाडी आणते ती. आणि तिला मी. झालं असं, वसंतात ती म्हणाली, "गिल्बेरकाका, एका पावासाठी ही चढण परवडत नाही हो. खाली येऊन नेत जा." मी म्हटलं, "एक कुठं? दोन दे. बायको परत आलीय."

तेव्हापासून दोन घेतो. दुसरा कोंबड्यांना. रोज विचारते, "काकू दिसत नाहीत?"

"झोपलीय."

"अहो, अकरा वाजले!"

"शहरात राहून बिघडलीय."

हसते. मग मीही चार शब्द जास्त बोलतो. काल म्हटलं, सूपमध्ये मीठ अजून जास्तच घालते.

खाली जाऊन पाव आणता आला असता. गुडघा तेवढा वाईट नाही. पण गाडी आली नाही तर दिवसभर माणसाचा आवाज नाही.

जाताना तू म्हणालीस, या घरात भिंतींशी बोलावं लागतं. बरं, ते जाऊ दे.

शनिवारी चारची बस आहे. राहायलाच पाहिजे असं नाही. पाटीपुरती ये. बँड नको असेल तर मी हाकलतो त्यांना. तुझ्या खोलीच्या खिडक्या उघडल्यात, गादीला ऊन दिलंय. बसपाशी मी असेन. तसंही तिकडं काम आहे मला.

नाही आलीस तर रविवारी व्हाशेर दार वाजवेल, आणि सोलांज इथं नाही, असं मला सांगावं लागेल. तू जाऊन दोन वर्षं झाली, एवढं मी अजून तोंडानं कुणाला म्हटलेलं नाही.

गिल्बेर