वाटीखालची तपकिरी पूड

मलकापूर, १९ ऑगस्ट १९९४

सकाळी शेजारच्या हौसामावशींनी रानातून बारीक अळंबी आणली. गरोदर सुनेला डोहाळे लागलेत, म्हणून संध्याकाळी रस्सा करणार होत्या. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. मला शंका आली. एक मागून घेतली, तिची टोपी पांढऱ्या कागदावर ठेवून वाटीने झाकली. कॉलेजातून येऊन पाहते तर कागदावर टोपीतून गळलेल्या बीजाणूंची तपकिरी पूड. नेहमीच्या अळंबीची गुलाबी पडते. दारात उजेडाला नेलं, तरी तपकिरीच.

धावत गेले. रस्सा चुलीवर होता.

"आवं बाई, दरसाली खातोय की आमी," मावशी म्हणाल्या.

"ही ती नव्हे मावशी. हिचं नाव मला ठाऊक नाही, पण खाऊ नका."

सुनेनंच पातेलं उतरवलं आणि उकिरड्यावर ओतलं. मावशी आत निघून गेल्या. रुसल्या असतील. रुसू देत. नाव शोधल्याशिवाय मी सोडणार नाही. उद्या त्यांच्याच दारात उभी राहणार, अळंबी उगवली ती जागा दाखवा म्हणून.