नागम्माच्या पाटाबद्दल अक्काला

शुक्रवार पेठ, सोलापूर
मंगळवार, दुपारी जेवण न करता

तीर्थरूप कमलाक्कास,

धाकट्या बसप्पाचे शरणार्थ. दाजींचा खोकला थांबला का आणि रानातला शाळू कसा आहे, ते कळव. तुझ्या गुडघ्याचं परवा फोनवर कळलंच, त्याबद्दल शेवटी लिहितो. महेश्वरीची तब्येत उत्तम आहे, फक्त ती नवऱ्याशी, म्हणजे माझ्याशी, बोलत नाही. माझं म्हणशील तर गेल्या बुधवारपासून मी हादरलोय. फोन करणार होतो, पण फोनवर तू मधेच प्रश्न विचारतेस आणि मग मी खोटं बोलतो (हे तुला लहानपणापासून माहीत आहे), म्हणून कागद घेतला. पत्र मंगळवेढा गाडीच्या गुंडा कंडक्टरच्या हाती देतोय.

आपली चंद्रिका पुण्यात इंजिनिअरिंगच्या पुढचं शिकते, प्रॉडक्ट डिझाइन अँड इनोव्हेशन, हे मी भावकीत सगळ्यांना सांगून बसलोय. म्हणजे काय, हे कुणी विचारलं नाही म्हणून निभावलं. माझी समजूत अशी की पोरगी मोटारगाडी काढेल, नाहीतर निदान मिक्सर तरी. दिवाळीला आली आणि म्हणाली, शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट आपल्याच घरात करायचाय. मला वाटलं मशीन येणार. मी एकट्यानं पुढच्या खोलीतली कॉट हलवली (कंबर अजून धरलेली आहे). मशीन कसलं न् काय! बाईसाहेब वही घेऊन स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या आणि आठ दिवस नागम्माकडं बघत राहिल्या.

नागम्मा तुला आठवते की, महेश्वरीच्या कडक भाकरीच्या धंद्यात पंधरा वर्षं भाकरी थापणारी. ती किती वेळा उठली, उठताना हात कुठं टेकला, कुठल्या पायावर भार दिला, सगळं वहीत. मला धक्काच बसला. बसलेल्या माणसाकडं बघायला पुण्याला जाऊन पदवी कशाला लागते? जिल्हा परिषदेत मी तीस वर्षं दुसरं काय केलं?

तर त्या बघण्यातून तिला सापडला नागम्माचा पाट. कळकट, एक कोपरा उडालेला. नागम्माचा उजवा गुडघा गेलाय, म्हणून तिनं पाटाच्या मागच्या बाजूला खालून लाकडाची चिप ठोकलीय, म्हणजे तो पुढं कलतो. घसरू नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा लावलाय, वर जुन्या लुगड्याची घडी, आणि बाजूला भोक पाडून एक दोरी, उठताना धरायला. कुणी आलं की मी तो पायानं कॉटखाली सारायचो. चंद्रिका म्हणाली, अप्पा, इतकी वर्षं चुकत-सुधारत नागम्मानं जे शोधलंय, त्यावरून खाली बसून काम करणाऱ्या सगळ्या बायकांसाठी आसन करायचं, हाच माझा प्रोजेक्ट. मापं तिच्या गाईड वैजयंती मॅडम येतील तेव्हा त्यांच्यासमोर घ्यायची ठरली.

मॅडम बुधवारी येणार म्हणून चंद्रिकाचा आदल्या शनिवारी फोन आला की अप्पा, काही आवरू नका. आता अक्का, तूच सांग. पाहुणे येणार असले की 'काही आवरू नका' असं सगळेच म्हणतात. त्याचा अर्थ नीट आवरा, असाच असतो ना? मी भिंतींना रंग दिला. नवी परात आणली. नागम्माला महेश्वरीची ठेवणीतली इरकल नेसवली. पाट घरातून घालवला आणि त्या जागी निळी प्लास्टिकची खुर्ची ठेवली. नागम्मा खुर्चीकडं बघत म्हणाली, "अप्पा, ह्याच्यावर बसून भाकरी कुटं थापू?" मी म्हणालो, दोन तासांचा प्रश्न आहे, बस.

मॅडम आल्या आणि थेट फरशीवर बसल्या (पुण्याच्या असून!). मी मोठ्या अभिमानानं खुर्ची पुढं केली. चंद्रिकानं कॉटखाली बघितलं, मोरीत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "अप्पा, पाट कुठाय?" एवढंच विचारलं तिनं. मी म्हणालो, भंगारवाल्याला दिला. मॅडमनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा लावलाच नाही.

खरा हादरलो तो त्यानंतर. नागम्मा बिचारी पोरीसाठी तशीच फरशीवर बसली, चार भाकरी थापल्या, आणि तिला उठताच येईना. मॅडम आणि चंद्रिकानं दोन्ही काखांत हात घालून उठवलं. पंधरा वर्षं ती बाई माझ्या डोळ्यांदेखत एकटी उठत होती आणि मला वाटायचं, उगाच दोरीशी खेळते. मला माझीच लाज वाटली अक्का, खरंच सांगतो.

शुक्रवारी पुण्यात परीक्षक बसणार आहेत. त्यांच्यापुढं मूळ पाट आणि त्याची मापं नसतील तर पोरीचं वर्ष जातं. नागम्मानं दोन नवे पाट करून बघितले, पण तो उतार साधत नाही. चंद्रिका गुरुवारपासून सोलापुरातली भंगारची दुकानं पालथी घालतेय. मीही तिच्याबरोबर उन्हात फिरतोय, आणि पाट तिथं नाही, हे फक्त मला माहीत आहे.

असो. दाजींपुढं माझं डोकं टेकलं असं समज, पोरांच्या पाठीवरून माझा हात फिरव.

तुझा,
बसप्पा

ता. क. मागच्या सोमवारी मंगळवेढ्याला निघालेल्या टेम्पोतून मी तुला 'आईचा पाट' पाठवला, आठवण म्हणून जप म्हणालो. तू फोनवर रडलीस, त्याला हळदकुंकू लावलंस. अक्का, तो आईचा नाही. तोच तो. (तू मागत होतीस तो आईचा पाट मागंच एका थंडीत मी बंबात घातला. हे दाजींना सांगू नकोस.) उद्याच्या पहिल्या गाडीनं गुंडाकडं दे. चिप, ट्यूब, दोरी, काहीही काढू नकोस, आणि यावेळी 'काही आवरू नकोस' याचा अर्थ खरंच काही आवरू नकोस.

ता. क. दुसरा. परवा तू म्हणालीस, या पाटावर बसायला लागल्यापासून गुडघा धरत नाही, हात न टेकता उठते, आईच मागून उचलते असं वाटतं. अक्का, ती आई नव्हे. ती नागम्मा. तेवढं कागदावर लिहून सही करून पाटाबरोबर पाठव, चंद्रिकाला परीक्षकांपुढं ठेवायला लागेल. आईचं नाव घालू नकोस.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करायच्या आधी चंद्रिकाला आणि नागम्माला सगळं सांगून टाकलं. चंद्रिका माझ्याबरोबर जेवायला पानावर बसली. नागम्मा म्हणते, "परीक्षा झाली की पाट अक्कास्नीच देऊन टाका. त्यांचाबी गुडघा हाय की. मला चंद्री नवा करणार हाय." तेव्हा हळदकुंकू लावलंयस, ते पुसू नकोस.