कडेवरून उतरला तो दिवस

बाई,

आज नातीला फुटबॉलच्या शिकवणीला घेऊन गेले होते. तीन वर्षांच्या पोरीला शिकवणी कसली, असं मी सुनेला म्हटलंही. पण बुलढाण्यात आता हे सगळं मिळतं, आणि मिळतं म्हटल्यावर आमची नात मागे कशी राहील! शिकवणारा मुलगा भला होता, शिट्टी फुंकून फुंकून त्याचे गाल दुखले असतील. तो लेकरांना रांगेत उभं करी आणि पुढच्या क्षणी रांग मोडे. एक माती खात बसलं, एक आईकडे पळालं. 'अरे, आधी त्यांच्या मुठीत लाडू दे,' असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. पण आजीबाईंचं कोण ऐकतं? घरी आले आणि तुम्हाला लिहायला बसले. तुम्ही होतात तोवर जे सांगायला हवं होतं, ते सांगायचं राहूनच गेलं.

नवं राज्य होऊन एखाद-दोन वर्षं झाली असतील. जानेफळला आमच्या शाळेच्या ओसरीत बालवाडी निघाली आणि तुम्ही तिच्यावर बाई म्हणून आलात. मी चौथीत होते. आई तापाने गेली तेव्हा भाऊ पाळण्यातून नुकता बाहेर आलेला. तो माझ्या कडेवर जो चढला, तो तिथेच राहिला. मी भाकरी थापते आहे आणि तो पाठीला चिकटलेला, मी पाणी शेंदते आहे आणि तो गळ्यात. चांगला तीन वर्षांचा व्हायला आला तरी पाय जमिनीला लावायला तयार नाही. वर्गात नेला की रडून वर्ग डोक्यावर घ्यायचा. मोठे गुरुजी म्हणाले, "पोट्ट्याले घरी ठिऊन ये, नाईतं तूही येऊ नको." घरी ठेवायचं कोणापाशी? वडील दिवसभर वावरात.

एका संध्याकाळी वडील जेवता जेवता म्हणाले, "दिवाळीपावतर पाह्यतो. पोट्टा बालवाडीत बसला तं ठीक, नाईतं तुही शाळा बंद. चौथी झाली काय अन् न झाली काय, चूल तं फुकायचीच हाय तुले." ते वाईट नव्हते, बाई. जेवण झाल्यावर आपलं ताट त्यांनी आपणच घासलं. गावात तेव्हा कोणता पुरुष ताट घासायचा? पण शब्द म्हणजे शब्द. मला तर शाळा जीव की प्राण होती. म्हणून मी रोज ओसरीपाशी येऊन त्याला खाली उतरवायचा प्रयत्न करायची आणि तो माझ्या मानेला नखं रुतवायचा.

तुमचा तो चेंडू मला अजून दिसतो. तुमचे वडील बुलढाण्याच्या शाळेत ड्रिल घ्यायचे, त्यांच्याकडचा जुना कातडी फुटबॉल तुम्ही आणला होता. आतला ब्लॅडर फुटलेला, म्हणून त्यात कापूस ठासून भरलेला. असा चेंडू फार लांब जात नाही, लहान लेकराला गाठता येतो. पहिल्या दिवशी तुम्ही म्हणालात, "हे वासरू आहे. पायाने हळूहळू ढकलत गोठ्यात न्या पाहू!" आणि फसलात! लेकरं चेंडूला पाय लावायची आणि लगेच वाकून नमस्कार करायची. गाईच्या लेकराला पाय लागला, पाप नाही का लागणार? एक पोरगी तर त्याला कवटाळूनच बसली. भिंतीआडून बघणाऱ्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या. तुम्हीही हसलात, कपाळावर हात मारून.

दुसऱ्या दिवशी त्या वासराचं रानडुक्कर झालं. "डुक्कर आपल्या ज्वारीत घुसलं! हाकला धुऱ्याच्या पल्याड!" मग काय विचारता! आमच्याकडच्या लेकराला बोलायच्या आधी डुक्कर हाकलता येतं. दोन विटा म्हणजे वावराचा धुरा, बांध. त्यांच्यामधून चेंडू पार झाला की डुक्कर गेलं. हात लावायचा मोह व्हायचा, तर तुम्ही प्रत्येकाच्या मुठीत हवेतला लाडू ठेवलात. "हात पाठीमागे. सांडला तर खायला मिळणार नाही." खेळ संपला की सगळे ओळीने बसून तो लाडू खायचे आणि बोटं चाटायचे. रांग तुम्ही फक्त तेव्हाच लावलीत.

माझा भाऊ मात्र कडेवरच. दसरा झाला तशी मी दिवाळीचे दिवस बोटांवर मोजायला लागले. एकदा मी त्याची बोटं एकेक करून गळ्यातून सोडवत होते, तो किंचाळत होता, तेव्हा तुम्ही माझ्या हातावर चापट मारलीत. "ओढू नकोस त्याला. तू खेळ. त्याला घेऊन खेळ." मी रागावले होते तुमच्यावर. मी चौथीतली, त्या शेंबड्या पोरांत खेळू? पण खेळले. तो कडेवर, मी डुकरामागे. आधी तो माझ्या खांद्यात तोंड खुपसून असायचा. मग एक डोळा बाहेर आला. मग एके दिवशी वरूनच ओरडला, "हाड! हाड!" आई गेल्यापासून त्याचा तेवढा मोठा आवाज मी ऐकला नव्हता.

दिवाळी तोंडावर आली होती. मी धावून दमले, विटेपाशी थांबले. चेंडू माझ्या पायापुढून गेला आणि कडेवर काहीतरी वळवळलं. तो घसरत खाली उतरला. पाठीमागे मुठी बांधल्या आणि पळाला. डुक्कर धुऱ्यापार घालवूनच थांबला. सगळे ओरडत होते आणि मी ढसाढसा रडत होते. कंबर इतकी हलकी लागत होती की मला नीट उभं राहवेना.

तुम्ही जवळ आलात. "जा, वर्गात जाऊन बैस," म्हणालात. मी हलले नाही. मग तुम्ही हळू आवाजात म्हणालात, "माझाही आता मी निघाले की रडत नाही." तुमचा मुलगा बुलढाण्याला तुमच्या आईपाशी असायचा, तुम्ही शनिवारच्या गाडीने त्याच्याकडे जायचात. तेव्हा मला वाटलं, तुम्ही त्याचं कौतुक सांगता आहात. माझा मुलगा पहिल्यांदा वसतिगृहात राहिला, तेव्हा मला त्याचा अर्थ लागला.

वडिलांनी शब्द पाळला. मी चौथी पास झाले, मेहकरला शिकले, पुढे मास्तरीण झाले. आता हे पत्र टाकू कुठे? लुगड्याच्या घडीत राहील.

एक मात्र सांगते. तो दिवस मी सगळ्यांना सांगते आणि म्हणते, आनंदाने रडले. तसं नव्हतं, बाई. तुम्ही पाठवलंत म्हणून मी वर्गात गेले, खिडकीपाशी बसले आणि देवाला म्हणत राहिले, तो पडू दे, थोडंसं लागू दे, आणि 'ताई' म्हणत माझ्याकडे येऊ दे. तो पडलाही. उठला, गुडघ्यावरची माती झटकली आणि पुन्हा डुकरामागे पळाला.