न मोजलेली मेंढरं

प्रिय ताई,

फोन सोडून पत्र कशाला, म्हणून दचकू नकोस. घरी सगळे धडधाकट आहेत. फोन केला की तू मीटिंगमध्ये असतेस, आणि नसलीस तर आई फोन हिसकावून घेते आणि काय जेवलीस ते विचारत बसते. मला जे विचारायचंय ते आई-आप्पांच्या देखत विचारता येत नाही.

यंदा ऊन लई आहे. होळी झाली नाही तोच कोकरांच्या डालग्यांवर ओली पोती टाकावी लागली. गेल्या उन्हाळ्यात आपली गाभण मेंढी भर दुपारी उभ्या उभ्या कोसळली, तेव्हा जग तापतंय हे खोटं, असं मी म्हणणार नाही. राज्यानं काहीतरी करायलाच हवं आणि त्यासाठी तू मुंबईत बसून आराखडे करतेस, याचं मलाही कौतुक आहे. माझा संशय एवढाच, की जे काय करायचं ते आमच्याच माळावर का? हायवेवर रात्रंदिवस गाड्या धावणार, शहरातल्या चिमण्या धूर सोडणार आणि कुंपण मात्र मेंढरांना!

पाडवा झाल्यावर मुंबईतल्या तुमच्या हवामान कक्षातल्या उत्कर्षा मॅडम गावात आल्या. बोलायला गोड बाई. म्हणाल्या, राज्याला धूर कमी करायचाय, म्हणून पडीक जमिनीवर झाडं लावायची, तारेचं कुंपण घालायचं आणि झाडं मोठी होईपर्यंत आत जनावर सोडायचं नाही. सरपंच श्रीमंततात्या तर वाक्य पुरं व्हायच्या आधीच माना डोलवत होते. माझ्या मनात तेव्हाच पाल चुकचुकली. कुणी फुकट सावली देतो म्हणाला की मी आधी खिसा चाचपतो, माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे. मी विचारलं, माळ पडीक आहे असं कोण म्हणतं? त्या म्हणाल्या, "चराईचा सर्व्हे झालाय ना दादा. तुमच्या वस्तीवर मेंढ्या जेमतेम आहेत. तेवढ्यांना चारा आम्ही बाहेरून देऊ."

जेमतेम! मला आधी हसू आलं आणि मग तो सर्व्हे कसा झाला ते आठवलं. दिवाळीनंतर सर्व्हेवाले वस्तीवर आले होते. मेंढरं किती, म्हणून दारोदार विचारत होते. आता तूच सांग, आपल्यातलं कोण आकडा सांगेल? आई म्हणाली, "हायती की थोडी, देवाच्या दयेनं." आप्पा म्हणाले, "असतील चार-दोन." आणि त्यांच्या पाठीमागं अख्खा उतार मेंढरांनी काळा झाला होता. त्या गड्यानं मान वर करून पाहिलं असतं तरी चाललं असतं, पण तो सांगितलं ते लिहून घेत पुढं गेला. साऱ्या वस्तीनं हेच केलं. मोजलं की दृष्ट लागते, मेंढरांचं खांड आटतं, हे आपल्या हाडीमाशी खिळलंय. लहानपणी आपण बोट दाखवून मोजायला लागलो की आई बोटावर चापट मारायची. आप्पांना मोजणीची गरजही नसते. एक मेंढरू मागं राहिलं तरी त्यांना चालताना कळतं.

सर्व्हेवाला परका, त्याला यातलं काय कळणार? वस्तीनं वाडवडलांपासून जे केलं तेच केलं. दोघांनाही मी बोल लावत नाही. पण ताई, तो आकडा पुढं मुंबईला गेला. गाडीत बसता बसता उत्कर्षा मॅडम मला कौतुकानं म्हणाल्या, "प्रियदर्शनी मॅडम तुमच्या ताईच ना? या तालुक्याची फाईल त्यांनीच तपासली, म्हणून तर आम्ही निर्धास्त आहोत." आप्पा लांब होते, त्यांना ऐकू गेलं नाही.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. त्या फायलीत मायाप्पा या आपल्या आप्पांच्या नावापुढं 'चार' वाचताना तुला काय वाटलं? आधी म्हटलं, फायलींच्या ढिगात तुझ्या नजरेतून सुटलं असेल. मग वाटलं, नाही, तू वाचलंस, पण आकडा दुरुस्त केला तर साहेब म्हणतील ही आपल्या माणसांची बाजू घेते, म्हणून गप्प बसलीस. आणि परवा मेंढरांमागं चालताना त्याहून वाईट मनात आलं, की तुला या लोकरीच्या वासाची लाज वाटत असेल आणि हे सगळं एकदाचं मिटलं तर बरंच, असं तुला वाटत असेल. संक्रांतीला आप्पांनी दिलेली घोंगडी तू इथंच विसरून गेलीस. मी आता तिचाही अर्थ लावत बसलोय. संशयाला तळ नसतो बघ. मला तुझा राग आलाय, लई राग आलाय, आणि तो कुणाजवळ बोलताही येत नाही.

आता मुद्द्याचं लिहितो. ग्रामसभेत आम्ही हरकत घेतली. मॅडम म्हणाल्या, आकडा चुकला असेल तर आमच्यासमोर मोजून दाखवा, आम्ही दुरुस्त करू. येत्या सोमवारी त्या येणार आहेत. सारी वस्ती आप्पांच्या तोंडाकडं बघत होती. आप्पा जमीन उकरत म्हणाले, "मोजू द्या." त्या दिवसापासून आई कुणाशी धड बोलत नाही. आप्पांनी अट एकच घातलीय. "परक्याचं बोट माझ्या मेंढरावर नगं. माझी लेक सरकारात हाय, ती मोजंल. लेकीची दिष्ट लागत न्हाय." हे ते मोहोळच्या बाजारात भेटेल त्याला सांगत सुटलेत. फाईल कुणाच्या हातून गेली हे त्यांना ठाऊक नाही. मी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही. तेव्हा तू ये. वाघरीच्या जाळीचं तोंड उघडून आप्पा एकेक मेंढरू तुझ्यासमोरून सोडतील, तू सगळ्यांना ऐकू जाईल असं मोठ्यानं मोज. तसं तुला त्यांच्याशेजारी उभं राहवणार असेल तर मला दुसरं काही उत्तर नको. आणि राहवणार नसेल, तर रविवारी मला एवढंच कळव. मग मीच मोजेन, आणि आप्पांना सांगेन की ताईला सुट्टी मिळाली नाही.

तुझाच,
कुमार