दहावं नाव

बडोदे,
९ जुलै १९९९

प्रिय अवंती,

मावशीच्या पायाचं प्लास्टर कधी निघणार ते कळव, आणि तुला फार राबवून घेऊ नकोस असं मी म्हटल्याचंही तिला सांग. आता मुद्द्यावर येते. परवापासून माझं डोकं बधिर झालं आहे. काल पहिल्या वर्षाच्या वर्गात मी हजेरी घेतली आणि पाच मिनिटांनी पुन्हा घेतली. मुलांनी दोन्ही वेळा निमूटपणे हजेरी दिली, कोणी हसलंसुद्धा नाही. यावरून माझा चेहरा कसा झाला असेल ते ओळख.

बुधवारी आमच्या स्टाफ कौन्सिलची सभा होती. कॉम्प्युटरच्या नव्या विषयाला खोल्या हव्यात, म्हणून प्राचार्यांनी जुन्या विषयांची पटसंख्या तपासायला काढली. नियम तुला लहानपणापासून पाठ आहे. दुसऱ्या वर्षाला दहा विद्यार्थी असले तर मुख्य विषय चालतो, एकही कमी झाला की बंद, आणि एकदा बंद झालेला विषय आमच्या कॉलेजात पुन्हा सुरू झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. फारसी अशीच गेली. तिच्या कपाटात आता खेळाच्या जाळ्या ठेवतात.

मी मात्र अगदी निर्धास्त होते. मे महिन्यात दिनकरराव आणि मी दर वर्षीसारखे नागरवाड्यात दारोदार हिंडलो होतो. ज्यांनी मला शिकवलं ते दिनकरराव, पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचे, पण गुडघा धरून तीन-तीन जिने चढले. कोणाची मुलगी पास झाली, कोणाचा मुलगा काठावर आहे, सगळी यादी त्यांच्या खिशात. प्रत्येक घरी आमरस खावा लागतो आणि प्रत्येक घरी तेच ऐकावं लागतं, की मराठी घेऊन पुढे करायचं काय. तरी नऊ नावं मिळवली. दहावं तर घरचंच होतं. तुझ्या नावासाठी मला कुठे जावं लागलं नाही, कोणाला काही विचारावंही लागलं नाही.

सभेत मी यादी घेऊन उभी राहिले आणि चांगली पंधरा मिनिटं बोलले. राज्य गेलं, कचेऱ्या गेल्या, आता आपली मुलं आपसातही गुजरातीत बोलतात, मग निदान एका खोलीत तरी मराठी राहू द्या, असं बरंच काही. नीरा मान डोलवत होती. ती बिचारी तीन वर्षं तासिकेवर शिकवते आहे. विषय राहिला तर तिची जागा पक्की व्हायची, नाहीतर ती घरी बसायची. माझं संपल्यावर प्राचार्य शांतपणे म्हणाले की नावं नऊच आहेत. मी हसले. मोजून बघा म्हटलं. त्यांनी मोजलं नाही. फाइलमधून एक अर्ज काढून माझ्यासमोर सरकवला. मुख्य मराठी सोडून कॉम्प्युटर घेण्याचा अर्ज, वर तुझं नाव, तुझंच अक्षर. काहीतरी चूक आहे, मी म्हटलं, विषय सोडायला त्या विषयाच्या प्रमुखाची, म्हणजे माझी, सही लागते. त्यांनी अर्जाच्या तळाशी बोट ठेवलं.

"बेन, आ तो तमारी ज सही छे."

माझीच होती. अवंती, चाळीस माणसांसमोर मी माझ्याच सहीकडे बघत राहिले. कोणीतरी पाण्याचा ग्लास पुढे केला, तो मी हातात धरूनच बसले.

सही कशी झाली ते मात्र बसल्या बसल्या लख्ख कळलं. चहाच्या वेळी आमचा शिपाई लक्ष्मण कागद आणतो. बसचे पास, शिष्यवृत्ती, ग्रंथालयाची कार्डं, सगळं एकत्र. मला उचलायचा त्रास नको म्हणून तो ते जिन्याच्या पायऱ्यांसारखे सरकवून मांडतो, प्रत्येकाची फक्त खालची सहीची ओळ दिसेल असे. चहा संपेपर्यंत माझ्या पन्नास सह्या होतात. इतक्या वर्षांत मी कधी वरचा कागद उचलून पाहिला नाही. हे तुझ्याइतकं कोणाला ठाऊक? शाळा सुटल्यावर तू विभागात येऊन बसायचीस आणि त्याला कागद मांडायला मदत करायचीस. तुझा अर्ज तू बरोबर मधोमध ठेवला असशील.

तू मला फसवलंस. हे एक वाक्य लिहायला मला दोन दिवस लागले. रोज रात्री आपण एकत्र जेवतो, त्यातल्या एकाही जेवणात तुला बोलता आलं नाही? बुधवारी घरी येऊन मी बाबांवरच तुटून पडले. त्यांना अर्जाचं काही माहीत नव्हतं. पण ते म्हणाले, दिवाळीत ती तुला सांगायला आली होती की, तुला आठवत नाही? मला आठवलं. दुसरं काही शिकून बघावंसं वाटतंय, असं तू म्हणाली होतीस, आणि मी तुला पुढच्या वर्षीच्या पुस्तकांची यादी काढून दिली होती. सहीपेक्षा मला या आठवणीचा धक्का जास्त बसला. तू सांगितलं होतंस. मीच ऐकलं नव्हतं.

आता जे सांगायचं राहिलं ते. सभा संपल्यावर प्राचार्यांनी मला एकटीला थांबवलं. माणूस वाईट नाही. ते म्हणाले, सही नकळत घेतली गेली असं लिहून द्या. अर्ज रद्द होईल, दहावं नाव परत येईल, विषय वाचेल. मुलीला शिस्तभंगाचं एक पत्र जाईल, ते काय, फाइलीत पडून राहील. मुदत आज दुपारी बारापर्यंतची होती. दिनकररावांनी काल दोन खेपा घातल्या, खरं तेच तर लिहायचंय म्हणाले, आणि ते खरंच होतं. आज पावणेबाराला मी लिहून दिलं की अर्ज मी पूर्ण वाचला होता आणि समजून-उमजून सही केली होती. मुख्य मराठी बंद झालं. दिनकरराव मला न भेटता घरी गेले. नीराने आपल्या खणातली पुस्तकं पिशवीत भरली आणि घरच्या मुलीसाठी का, एवढंच विचारलं. हे पत्र एवढ्यासाठी, की पुढच्या सोमवारी तू कॉलेजात आलीस की सगळे तुला विचारतील. त्यांना सांग, आईने वाचून सही केली. नीराने विचारलं तरी हेच सांग, मला खोटी पाडू नकोस. आणि घरी आलीस की आधी माझ्यासमोर बस आणि तुला काय व्हायचंय ते सांग. एकोणीस वर्षांत मी ते एकदाही विचारलेलं नाही.

तुझीच, अजून रागावलेली,
आई